पीप नंबर एक्केचाळीस

हेरेसहून पत्र आलं, जाड कागदावर,
वर सोनेरी द्राक्षांचा घड.
त्यांच्या वाइनरीला यंदा दोनशे तीस वर्षं झाली,
संग्रहालय करताहेत.
जुन्या चोपडीत त्यांना सापडलं :
पीप नंबर एक्केचाळीस, रवाना ग्वाल्हेर.
आहे का अजून? असल्यास विकत घेऊ.

आहे.
जनकगंजात, आमच्या सिरक्याच्या कारखान्यात,
मागच्या भिंतीशी, डाव्या अंगावर कललेलं.
पणजे केरोजी आबदारखान्यात हुजरे होते.
दरबारची शेरी संपली, लाकूड मोडीत निघालं,
त्यांनी सव्वा रुपयाला उचललं
आणि त्यात जांभळाचा रस भरला.
एवढाच आमचा इतिहास. बाकी वास.

पोटावर डागलेली अक्षरं, अर्धी झिजलेली.
लहानपणी मी त्यांवर बोट फिरवून
ळ शोधायचे.

पत्रासोबत पुस्तिका आहे.
त्यांच्याकडे पिपांची उतरंड असते म्हणे :
तळाच्यातून थोडी काढायची,
वरची खाली ओतायची,
तळ कधी कोरडा पडू द्यायचा नाही.
म्हणजे पहिल्या सालचा थेंब
आजच्या बाटलीतही असतो.
हे मी शकूआत्याला वाचून दाखवलं.
ती म्हणाली, "मग? विरजण."
आणि नरसाळं धुवायला गेली.

शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत :
आंबलेलं पीप म्हणजे घराण्याला बट्टा.
ते रातोरात हलवतात,
तळघरात त्याचं नाव काढत नाहीत.

इथे मी थांबले.
आमचं सगळं घर त्या बट्ट्यावर उभं.
आत्याचा मोडलेला संसार त्यानं पोसला,
माझी बी.कॉम.ची फी भरली,
आषाढात शेजाऱ्यांच्या सुद्धा
जिभा जांभळ्या केल्या.

उत्तर लिहिलं :
पीप आहे. रिकामं नाही.
एकशे चौदा वर्षांत एकदाही झालेलं नाही,
म्हणून पाठवता येत नाही.
पट्टे मात्र हजिऱ्याच्या लोहाराचे आहेत,
दोन फळ्या शिवपुरीच्या सागाच्या,
हे चोपडीत नोंदवून घ्यावं.

सोबत एक छोटी बाटली, बूच मेणानं बंद.
फॉर्मवर रकाना होता, वस्तूचं वर्णन.
मी लिहिलं : सिरका. मूळ गाव हेरेस.
खिडकीतल्या भदौरियाने वजन केलं,
बाटली नाकाशी नेली,
आणि मेणातूनही
त्याच्या तोंडाला पाणी सुटलेलं
मला काचेपलीकडून दिसलं.