घासायची मशीन

झंवरशेठच्या काउंटरवर तीन मशिनी मांडल्यात
आणि त्यांच्यासमोर मी,
पिशवीत शिवणीच्या लाकडाचा बैल घेऊन.
अर्धवट बैल. शिंगं नाहीत अजून, चाकंही नाहीत.
हिंगणघाटच्या बसमध्ये कंडक्टरनं विचारलं होतं,
याचं हाफ तिकीट फाडू काय?

"कोन चालवन हे?" शेठ विचारतात.
मी.
"दौलत वाढयाले काय झालं?"
काही नाही झालं. घरी आहेत.
"मंग थ्याले आनाचं होतं ना सोबत."

निकेश पहिली लावून दाखवतो. पट्ट्याची.
फळीवर टेकवल्याबरोबर ती सुटते
शंकरपटातल्या गोऱ्ह्यासारखी,
मशीन पुढे, निकेश मागे.
शेठ खूश: दरवाजा द्या, दिवाण द्या,
दोन मिनिटांत सपाट.
सपाट म्हटल्यावर
माझा हात पिशवीतल्या पाठीवर जातो.
तान्ह्या पोळ्याला पोरं आधी वशिंड धरतात,
दोरी नंतर.
ही तर वशिंडच खाऊन टाकेल.

दुसरी चौकोनी, मुठीएवढी, स्वस्त.
आवाज असा की घासात खडा आला,
आणि भुसा सगळा तोंडावर.
घरी बाबांची खाट आणि माझं काम
यांच्यामध्ये एक गोणपाट आहे फक्त.

तिसरी गोल.
फिरता फिरता जागेवरून जराशी ढळते,
वरातीत नाचणाऱ्या म्हाताऱ्यासारखी, पण पडत नाही.
कागदाला आठ भोकं, भोकांमागे भुशाची पिशवी,
आणि कागद असा चिकटतो, जसं धोतराला गोखरू.
वजन किती?
दीड किलो, निकेश म्हणतो.
मी म्हणते, ठेव तराजूवर.
खिळ्यांच्या तराजूवर भरते एक किलो सातशे.
शेठ रस्त्याकडे पाहतात.

चार हजार दोनशे.
एका बैलामागे मला सुटतात साठ.
मी मनातल्या मनात सत्तर बैल
ओळीनं उभे करते, दुकानापासून पार स्टँडपर्यंत.
"हातानं होते ना व बाई तुमचं," शेठ म्हणतात,
"बापानं तं जिंदगीभर हातानंच केलं."

केलं.
आधी खरवतीच्या पानानं, मग काचपेपरनं,
ऐंशी, एकशेवीस, दोनशेवीस,
शेवटी नुसत्या अंगठ्यानं.
आता रेशनच्या दुकानात त्या डबीवर
बाबा अंगठा ठेवतात, आणि लाल दिवा.
पुसून ठेवा. लाल.
दुसरं बोट. लाल.
मागच्या महिन्यात दहाही बोटं फिरून झाली,
मागे रांग, आणि बरबटेकाकू म्हणाली,
"घासू घासू बुढ्यानं सोताचंच पालिश केलं."
सगळे हसले. बाबाही.
तांदूळ मात्र दुसऱ्या दिवशी, सरपंचाच्या चिठ्ठीवर.

हे मी शेठला सांगत नाही.
काउंटरच्या काचेवर अंगठा टेकवते
आणि उचलून पाहते.
आहेत रेघा. मधल्या थोड्या पुसट.

तिसरी बांधा.
कागद किती देता वरून?
शेठ म्हणतात पाच, मी म्हणते दहा,
सातावर जमतं.

लाइन आली रात्री आठला.
पाठ, पोट, पुठ्ठे, तिनं भराभर केले.
वशिंडावर मी हात हलका सोडला
तर ऐकलं तिनं.
पण गळ्याखालची पोळी
आणि कानामागची ती खाच,
तिथे गोल काही शिरत नाही.

बाबा मघापासून गोणपाटाआडून बघत होते.
आले. जुन्या कागदाची तिघडी केली,
बैल मांडीवर उताणा घेतला
जसं न्हाऊ घालायला लेकरू,
आणि अंगठा आत घातला.

"बंद कर थे," म्हणाले, "मले आयकू येत नाही."
लाकूड झालं की नाही हे ते कानानं ओळखतात.
मी बटण दाबलं.
मशीन थांबली.
माझा हात मात्र बराच वेळ
थरथरत राहिला.