वरून काय घालतेस

नळी काढली सोमवारी.
डॉक्टर म्हणाले, आता पातळ द्या, घरचं द्या,
तेल नको, तिखट नको,
आणि बाई, चार दिवस बोलायचं नाही,
घसा सोलवटलाय.

प्रयागनं माझ्याकडं बघितलं.
अडतीस वर्षांत ती गप्प राहिली
ती फक्त काज-गुंडी करताना,
सुई ओठांत धरलेली असायची तेव्हा.

तसं माडगं मला येतं.
हुलग्याचं पीठ डब्यात होतंच, तिनंच भाजून दळून ठेवलेलं.
थंड पाण्यात कालवायचं, गाठी मोडायच्या,
लसणाच्या दोन पाकळ्या, गुळाचा खडा, मीठ,
आणि ढवळत राहायचं, थांबायचं नाही,
मशीनचं पायडल मारतो तसं.
कडीचा डबा टॉवेलात गुंडाळून
सायकलच्या हँडलला अडकवला,
मंडी बाजारातून चढ चढून
सरकारी दवाखान्यात, बाया वार्डात, खाट नंबर दहा.

एक चमचा घेतला तिनं.
गिळला. मग खिडकीकडं बघत बसली.
हे बघणं मला ठाऊक आहे.
गिऱ्हाईक आरशापुढं उभं राहतं,
खांद्यात बसतंय, कमरेत बसतंय,
आणि तरी म्हणत नाही, बांधून द्या.

"काय राहिलं?"
तिनं तळव्यावर तळवा घासला.
थंडी वाजती वाटलं, शाल पांघरली. शाल फेकली.
हात धुवायचेत वाटलं, तांब्या आणला.
तांब्याकडं तिनं असं बघितलं
की मीच तो परत नेऊन ठेवला.
अकरा नंबरच्या रजियाबी म्हणाल्या,
"हात जोडायली ती, भाई.
सुटका मागायली तुमच्यापासून."
अख्खा वार्ड हसला,
प्रयागही, पोटावरचे टाके धरून.

रात्री फळीवरचे डबे उतरवले.
एकावरही नाव नाही.
तिला काय गरज, तिला डबा वाजवला की कळतं.
मी झाकण उघडून हुंगत बसलो,
धने, दगडफूल, कारळं,
एका डब्यात माझीच तुटकी कात्री,
शिंकलो ते नाकेशराला की धुळीला, देवजाणे.
या हातांनी गावातल्या निम्म्या बायांची मापं घेतली,
आणि घरातली बाई गॅस बंद केल्यावर
भांड्यावर वाकून शेवटी काय करते
ते कधी मान वर करून बघितलं नाही.
ताट पुढं यायचं. मी जेवायचो. वास आधीच आलेला असायचा.

मंगळवारी मसाल्याचा डबाच नेला.
केंद्रे सिस्टर ओरडल्या, "काय करायलेत मामा, दुकान मांडायलेत का?"
प्रयागचं बोट वाट्यांवरून फिरलं,
मोहरी नको, हळद नको, जिऱ्यावर जरा थबकलं,
आणि रिकाम्या वाटीत जाऊन टेकलं.
मी वाटी नाकाशी नेली.
रिकामी कुठली!
तळाशी भुसा होता चिमूटभर,
आणि पोरांच्या पोटदुखीच्या सगळ्या रात्री.

ओवा.

कोपऱ्यावरच्या किराण्यातून पाच रुपयांचा आणला.
तळव्यावर घेतला, दुसऱ्या तळव्यानं चोळला.
सुईनं टणक झालेली माझी कातडी,
तिच्यावर तो कुरकुरला.
फुंकर मारली, फोलपटं रजियाबींच्या खाटेवर,
राहिलेलं माडग्यावर सोडलं
आणि चमचा घालणार,
तर तिनं माझं मनगट धरलं.
झाकणाकडं बोट.
झाकलं.
थांबायचं होतं. तिची मूठ उघडेपर्यंत.

मग झाकण काढलं तेव्हा
फिनेलचा वास मागं सरकला,
आठ नंबरची म्हातारी उठून बसली,
रजियाबींनी न विचारता वाटी पुढं केली
आणि केंद्रे सिस्टर चार्ट लिहिता लिहिता म्हणाल्या,
"आमच्या परळीत वरून पुदिनाही टाकतेत."
प्रयागनं मान हलवली. जोरात. नाही म्हणून.

तिनं किती घेतलं ते सांगत नाही, दृष्ट लागेल.

बुधवारी एक बाई ब्लाउज न्यायला आली.
घडी मोडली, नाकाशी नेली,
माझ्याकडं बघितलं.
मी टेप गळ्यात अडकवला
आणि पैसे मोजून घेतले.