माया

तबास्कीला नऊ दिवस उरले होते
आणि पैसे घेणारं ॲप म्हणालं,
आधी फोन अपडेट कर.
फोन म्हणाला, करतो की,
पण दोन जीबी जागा दे.

माझ्याकडे होती तीनशे चाळीस एमबी.
म्हणजे दीड मीटर कापड पुढ्यात टाकून
तीन धिप्पाड भावांचे बूबू बेत, म्हणावं तसं.

सोळा जीबीचा म्हणून घेतला होता.
खोक्यावर अजून तो आकडा आहे,
खोक्यात आता बटणं ठेवतो.
पण पहिल्यांदा उघडला तेव्हाच
आत कुणाकुणाची बिऱ्हाडं थाटलेली:
न्यूयॉर्कच्या शेअरांचे भाव,
गोळ्या फोडायचा एक खेळ,
आणि पावलं मोजणारा एक कारकून.
दिवसभर पायडल मारून पोटऱ्या भरून येतात,
त्याच्या लेखी मी एकशे बारा पावलं चाललो.

स्टेशनाबाहेर बीरामची टपरी आहे.
त्यानं फोन उलटासुलटा केला,
अतायाचा दुसरा पेला माझ्याकडे सरकवला.
"यांना काढता येत नाही, ऊसेनू.
झोपवता येतं."
मग झोपले की जागा सोडतील?
"नाही. झोपूनही तेवढीच अडवतात."
हे मला समजलं.
माझा एक मेहुणा आहे.

मी मापं लिहीत नाही कधी.
गिऱ्हाईक उभं राहतं, मी टेप लावतो,
आकडा मोठ्यानं म्हणतो, फोन ऐकतो.
सहा वर्षांचं अख्खं त्येस आहे त्यात,
कुणाची बाही, कुणाचा गळा,
मागे मालगाडी, दारात बांधलेला बोकड.
तेच पुसायचं ठरलं,
दुसरं माझं असं काही नव्हतंच आत.

यांदे कॅलेंडरची मागची बाजू घेऊन बसली.
एकेक आवाज लावायचा, लिहायचा, पुसायचा.
किने च्यून, कंबर अठ्ठ्याण्णव.
तेवढ्यात किनेचाच आवाज, "नव्वद म्हण रे!"
आणि हसणं, बराच वेळ.
यांदेनं पेन थांबवलं. "हे पण?"
लिही, म्हटलं.
तिनं अठ्ठ्याण्णवपुढे लिहिलं: हसली.

डिसेंबरपर्यंत आलो तेव्हा दोन वाजले होते.
फोन काळा झाला, पांढरं गोल चक्र फिरत राहिलं.
आम्ही दोघं तिथंच, कापडाच्या ढिगावर.

सकाळी पैशांचं ॲप उघडलं.
शिल्लक जागा: एकशे नव्वद एमबी.
आणि पहिल्याच पानावर, न बोलावता,
नवा पाहुणा. नाव: माप.
कॅमेरा धरा, म्हणे, लांबी कळेल.
यांदेचा हात धरला.
एक मीटर बत्तीस.
ती इतकी हसली की टाचण्यांची डबी सांडली.

माझ्या बापानं कात्री हातात देण्याआधी
एकच गोष्ट शिकवली होती.
अंगाबरोबर कापू नकोस.
शिवणीत दोन बोटं माया ठेव.
पोरगं वाढतं, बाई बाळंत होते,
म्हाताऱ्याला आजारातून उठल्यावर भूक लागते.
ज्यांनी हा फोन बेतला
त्यांना कुणी बाप नव्हता असं कसं म्हणू?
पण मी शिवण उसवून पाहिली. माया नव्हती.
होतं ते कापड त्यांनी
आपल्याच पाहुण्यांना वाटून टाकलं होतं.

दुपारी तेनिंग फाय आली,
तीन वर्षांपूर्वीचा बूबू काखेत दाबून.
"नवीन परवडत नाही. हा चढत नाही."
मी तो उलटा केला, ब्लेडनं टाके सोडले.
आत होती ती दोन बोटांची पट्टी,
तिन्ही वर्षांचं ऊन न लागलेली,
इतकी निळी, की बाहेरचं कापड
एकाएकी जुनं दिसायला लागलं.
"असा होता होय रंग," ती म्हणाली.

खणात फोन थरथरला.
जागा संपत आली आहे.
मी यांदेला हाक मारली,
निळा दोरा दे, फिकटातला.