चार हजारांची खाच

मंगळवारी संध्याकाळी, शेफील्डमध्ये,
सुऱ्या-कात्र्यांच्या बंद कारखान्याचा दुसरा मजला.
आता तालमीच्या खोल्या. तासाला नऊ पौंड, हीटरचे वेगळे.
विटांना अजून घासलेल्या पोलादाचा वास येतो,
की मला कुणी सांगितलंय म्हणून येतो.

माझं काम मिक्सरपाशी.
बोटांखाली दहा पट्ट्या,
एकतीस हर्ट्झपासून सोळा हजारांपर्यंत.
आधी काढायचं, मग घालायचं,
हे कुणी शिकवलं नाही;
आमटी खारट झाल्यावर जसं कळतं, तसं कळलं.

अडीचशेला चिखल असतो.
तिथून तीन डेसिबल उपसले की
गिटारचे पाय मोकळे होतात
आणि मॉरीनच्या बेसला टेकायला जागा मिळते.
पाचशेला खोका:
पुठ्ठ्यात तोंड घालून कुणी बोलतंय.
खर्जाचं म्हणाल तर, एकट्यात गोड.
ड्रम सुरू झाले की तोच
दारात चप्पल काढत रेंगाळणारा पाहुणा,
ना आत, ना बाहेर.
दोन हजारांच्या वर पिक तारेला लागल्याचं कळतं.
आणि चार हजारांवर
कीथ ओल्डरॉइडशी माझं भांडण.

कीथ एकाहत्तरचा. सत्तावीस वर्षं फोर्जवर, घणाशेजारी.
त्याच्या ॲम्पचा ट्रेबल नेहमी पुरता उजवीकडे.
गिटार नव्हे, काचेवरून नख.
ड्रमवरचा गेथिन लोकरी टोपी कानांवर ओढून बसायचा.
मी चार हजारांची पट्टी खाली ओढली,
पुढच्या मंगळवारी त्याने एक पेडल आणलं.
मी आणखी ओढली,
त्याने आणखी एक.
तोंडाने कुणी काही बोललं नाही;
इंग्लंडात भांडणं अशीच चालतात,
चहा विचारत विचारत.

मग एकदा चहाच्याच वेळी
छतावरच्या धुराच्या अलार्मची बॅटरी संपत आली.
चिक्.
आम्ही तिघांनी वर पाहिलं.
चाळीस सेकंदांनी पुन्हा. चिक्.
पुन्हा तिघांनीच.
कीथ बिस्किट बुडवत म्हणाला,
'काय आहे वर?'

इचलकरंजीला बाबा यंत्रमागांवरून घरी आले
की रेडिओ असा लावायचे
की शेजारचे भिंतीवर थाप मारत.
एकदा अंगणात त्यांनी विचारलं,
'चिमण्या कुठं गेल्या गं सगळ्या?'
पेरू चिमण्यांनी नुसता कलकलत होता.
मी हसले होते तेव्हा.
नववीत होते.

चहा तसाच ठेवून मी ॲम्प भिंतीकडे तोंड करून वळवला,
पेडलं काढली. कीथने भुवया चढवल्या.
एक जुना मॉनिटर त्याच्या पायाशी ठेवला,
तिरका, फक्त त्याच्याकडे बघणारा.
त्यात चार हजार वर, सहा हजार त्याहून थोडे वर,
हळूहळू, त्याच्या चेहऱ्याकडे बघत;
पट्टीकडे बघून हे काम होत नाही.
बाकीच्या खोलीसाठी सगळं होतं तिथेच, खाली.

त्याने ई मायनर छेडला.
थांबला.
पुन्हा छेडला, मग बोट जरा उचलून
तारेवरून सरकताना होणारी ती खरखर,
नुसती तीच, चार-पाच वेळा.
'तारा कुणी बदलल्या?'

मार्चपासून कुणी बदललेल्या नव्हत्या.
मॉरीन बेस लावू लागली, जो आधीच लागलेला होता.
चिक्.
गेथिनने स्टूल ओढलं आणि
बॅटरी काढायला वर चढला.