लॉट एकशे बारा: स्थिती-अहवाल

सिल्व्हर प्रिंट. ट्रिएस्टेचं बंदर, हिवाळा, त्रेपन्न साल.
मागे पेन्सिलीने छायाचित्रकाराची सही.
कडा शाबूत. वर किंचित पिवळट झाक.
खाली डावीकडे अंगठ्याचा ठसा,
भिंग लावलं तरच दिसतो.

ठसा नेरीनामावशीचा.
बारा वर्षं लाल दिव्याखाली
ती त्याचे कागद धुवायची,
नखं तपकिरी.
त्या दिवशी बंदरावर धुकं नव्हतंच.
तिने प्रकाशात तळहात हलता धरला;
सावली पडते तिथे कागद पांढरा राहतो.

अहवालात एवढी जागा नसते.

व्हिएन्नात हातोडा पडला: एक्केचाळीस हजार युरो.
घेणारा म्हणाला, धुक्यासाठीच घेतलं.

ठशापोटी
दोन हजार मी आधीच वजा केले होते.