एकाच नावाची दोन

पेनड्राइव्ह आधीच हरला होता.
एवढी मोठी फाइल माझ्यात मावत नाही, म्हणाला.
आइव्होने तो उपटून खिशात टाकला,
मोडीतलं नाणं टाकावं तसा.
मग माळ्यावरून निळी केबल उतरली,
बावीस मीटर,
रेमो शाळेत असताना खेळांसाठी ओढलेली,
अजून तिच्यावर मुरीच्या दातांच्या खुणा.

माझ्या टेबलापासून
स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून
बुटांच्या रांगेला वळसा घालून
त्याच्या खोलीपर्यंत.
दोन महिने आम्ही याच वाटेने
एकमेकांना न धडकता
जात-येत होतो.

बाकीच्या वाटण्या झाल्या होत्या.
होडीचं इंजिन त्याचं. शिलाई मशीन माझं.
अळंब्यांची टोपली माझी, अळंबी कापायची सुरी त्याची,
यावर दोघंही हसलो. एकदाच.
बारा बश्यांच्या सहा-सहा.
सातव्या खुर्चीपाशी जरा अडलं.

"कट नको करूस," तो भिंतीपलीकडून म्हणाला,
"कॉपी कर."
एवढं तरी बरं होतं.
काळ्या पावाचं आंबवण हेल्गीला दिलं
म्हणून माझी बरणी कधी रिकामी झाली नाही.
एकोणतीस वर्षांत आमच्याकडे
न कापता वाटता येणारं
हेच निघालं.

पण यंत्रांना यंत्रं दिसेनात.
दिवा हिरवा, लुकलुकणारा,
आणि पडद्यावर कुणीच नाही.
त्याने राउटर बंद केला, दहापर्यंत मोजून चालू केला.
मी फायरवॉल उतरवली, पुन्हा चढवली.
बाहेर मार्चचा बर्फ छपरावरून
ढिगाने घसरत होता, आणि दर वेळी
आम्हाला वाटे, काहीतरी जोडलं गेलं.

तासाभराने कळलं.
दोघांचंही नाव एकच: कोडू.
आमच्या भाषेत कोडू म्हणजे घर.
रेमोने पहिल्याला ते ठेवलं होतं हौसेने,
दुसऱ्याला बहुधा आळसाने.
आणि एका जाळ्यात एका नावाची दोन चालत नाहीत.
एकाने नाव सोडायचं.

माझी बोटं कीबोर्डवर होती.
त्याचीही असणार.
बराच वेळ घरात टकटक नाही.
मग पलीकडून आली. मी मोजली,
आठ अक्षरं,
आणि यंत्र मिटून परत उघडल्याची
ती जुनी धून.

यादीत नवं नाव उमटलं: कुलालिने.
पाहुणा.
यू-वरची दोन टिंबं गाळली होती,
यंत्राला ती चालत नाहीत.

मग सगळं भराभर.
उरलेला वेळ चार मिनिटं,
उरलेला वेळ एकोणीस तास,
उरलेला वेळ अकरा मिनिटं,
त्यावर माझा कधीच विश्वास नव्हता.
छपराची बिलं गेली. त्याने मोजलेल्या दलदलींची खोली गेली,
वर्षवार, सेंटिमीटरमध्ये.
मुरीचं भुंकणं, सात सेकंद.
पुढचे दात पडलेल्या रेमोचं
शाळेतलं गाणं.
"नवीन फोल्डर तीन" गेलं, त्यात काय होतं
दोघांनाही ठाऊक नाही.

एका फोटोवर गाडी थांबली.
या नावाची फाइल इथे आधीच आहे.
बदलायची? वगळायची? दोन्ही ठेवायच्या?
पेइप्सी तळ्याकाठची मी, हातात धुरी दिलेला मासा.
माझ्याकडची प्रत मी कधीतरी कापून घेतली होती.
त्याच्याकडच्या प्रतीत डाव्या कोपऱ्यात
त्याचा अंगठा अजून होता,
धूसर, गुलाबी, भिंगाच्या फार जवळ.

"काय विचारतंय?" तो म्हणाला.
"काही नाही," म्हटलं,
आणि तिसरं बटण दाबलं.

त्याने केबल गुंडाळली, कोपर ते तळवा,
होडीचा दोर गुंडाळतो तशी,
आणि कुणाची हे न विचारता
खुंटीला अडकवून गेला.
गाडी वळल्यावरही यादीत पाहुणा दिसत होता.
टिचकी मारली असती तर
सापडत नाही म्हणाला असता.
मारली नाही.

चहाला उठले.
उंबऱ्याशी पाय आपोआप
उंच उचलला गेला,
खाली काहीही नव्हतं.