अठरा लिटर

सानपाड्यात, सातव्या मजल्यावर,
चपलांच्या कपाटावर अठरा लिटर समुद्र.
त्याला भरती नाही, नुसतं आटणं.
रोज पेलाभर पाणी हवेत जातं,
मीठ मागे राहतं, हटून बसलेल्या पाहुण्यासारखं.
म्हणून दात घासायच्या आधी
चिकटपट्टीच्या रेघेपर्यंत
आरओचं बेचव पाणी. थेंब थेंब.

रविवारी परीक्षानळी.
सातव्या थेंबाला निळं डळमळतं,
आठव्याला पिवळं.
आठ. गेल्या रविवारीही आठच.
विदुला म्हणते, माझ्या पगारवाढीला
तुझा चेहरा एवढा उजळला नव्हता.

मागच्या महिन्यात श्रीरंगदादा आला, वहिनी, मुलगा,
आणि पेणच्या जागेचे कागद.
खिडक्या बंद, एसी चालू,
भांडण खालच्या पट्टीत, शेजारी ऐकतील म्हणून.
मध्यरात्री सहज पाहिलं तर
पीएच सात पॉइंट सात.
प्रवाळाची तोंडं मिटलेली,
गोगलगाय काच चढून पाण्याच्या काठाशी.
तिला कुठली हद्द, कुठली सही!
पाच माणसांचे उच्छ्वास तेवढे
त्या पाण्यात उतरले होते.

औषध होतं कपाटात. नाही टाकलं.
घाईनं चढवलेलं पाणी मारतं.
खिडकी उघडली.
खाडीचा वास आत आला, ओल्या चिखलाचा.
"काय घाण रे ही," दादा झोपेतच म्हणाला
आणि कूस बदलली.

पहाटे आकडा आठला टेकला.
दादा सोफ्यावर, तोंड उघडं,
उशाशी कागद, अजून कोरे.
पाणी रेघेच्या बोटभर खाली.
मी पेला शोधला.